उभ्या माणसांचं हसू

मुंबईच्या उपनगरांना एक असं ग्रामदैवत नाही. गावठाणातली आई वेगळी, कोळीवाड्यातली वेगळी, वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली वेगळी, आरेच्या पाड्यांवरचा वाघोबा वेगळा. तरीही अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला सगळ्यात जवळचा देव कोणता, असं कोणी विचारलं तर मी पंढरपूरच्या विठोबाचं नाव घेईन. कारण साधं आहे. तो उभा आहे. पुंडलिकानं ‘जरा थांब’ म्हणून वीट सरकवली, देव तिच्यावर चढला, आणि अठ्ठावीस युगं झाली तरी ‘कुठे उतरणार?’ असं त्यानं कोणाला विचारलेलं नाही. हात कमरेवर आहेत, कारण वर धरायला कडी नाही.

हे वाचून वारकऱ्याला राग येणार नाही, याची मला खात्री आहे. देवाशी भांडायची, त्याला टोचून बोलायची, त्याच्याकडे जुनी उधारी मागायची मुभा त्या परंपरेनं भक्ताला पहिल्यापासून दिलेली आहे. रागावेल तो, ज्याची देवाशी ओळख मोर्चापुरतीच आहे.

उपनगर ही वाट पाहण्याची जागा. सकाळी गाडीची, संध्याकाळी रिक्षाची, उन्हाळ्यात पाण्याची, पावसाळ्यात पाणी ओसरण्याची. इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर घराची, आणि घर मिळेपर्यंत बिल्डरकडून यायच्या भाड्याची. वाट पाहणाऱ्या माणसाला दोनच उद्योग असतात. तो कोणाचं तरी नाव घेतो, नाहीतर कोणाला तरी नावं ठेवतो. उपनगरातल्या मराठी माणसानं हे दोन्ही उद्योग एकाच वेळी, एकाच तोंडानं आणि बऱ्याचदा एकाच देवाच्या बाबतीत करायची विद्या कमावली आहे. पुढच्या पानांवरचे लेख त्या विद्येचे नमुने आहेत. लेख आपली ओळख आपण करून देतील; प्रस्तावनेत मला लिहायचं आहे ते ही विद्या इथे कुठून आली आणि कशी चालते याबद्दल.

मुंबईतल्या मराठी विनोदाचा अधिकृत पत्ता गिरगावातला आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपानं आली आणि तो पत्ता कायमचा झाला. गंमत अशी, की पु. ल. स्वतः उपनगरातले. लहानपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत, मग पार्ले, शाळा पार्ले टिळक विद्यालय. आणि चाळीचं पुस्तक यायच्या आदल्याच वर्षी, १९५७ मध्ये, मुंबई महापालिकेची हद्द एका बाजूला दहिसर आणि दुसऱ्या बाजूला मुलुंडपर्यंत येऊन पोचली होती. चाळीचं सर्वांत हसरं चित्र रंगून तयार झालं तेव्हा चाळीतून बाहेर पडायचा रस्ताही तयार होत होता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरगाव, परळ, लालबागची माणसं त्याच रस्त्यानं भांडुप, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीला गेली, आणि ज्यांना तेही परवडलं नाही ती पुढे डोंबिवलीला आणि वसईला. १ ऑक्टोबर १९९० रोजी उपनगरांचा वेगळा जिल्हाही झाला. पण या जिल्ह्याला त्याची ‘चाळ’ लिहून मिळाली नाही.

का मिळाली नाही, याचा मी बराच विचार केला आहे. चाळीतल्या विनोदाला सामाईक गॅलरी लागते, सामाईक नळ लागतो आणि पातळ भिंती लागतात. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजतंय, कोण रुसलंय, कोणाच्या नोकरीचं काय झालं, हे कळल्याशिवाय विनोदी लेखकाची चूल पेटत नाही. ब्लॉकमध्ये आलेल्या माणसानं पहिलं काम काय केलं असेल तर दार लावलं. त्या दाराला आधी कडी, मग लॅच, मग लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा, आणि आता कॅमेरा. समोरच्या घरातली मुलगी अमेरिकेला गेल्याचं ती परत आल्यावर कळतं. अशा ठिकाणी त्रिलोकेकर आणि पावशे एकमेकांना भेटणार कुठे?

ते गाडीत भेटतात. सामाईक गॅलरी उपनगरात बांधली गेली नाही, म्हणून लोकांनी लोकलचा डबा गॅलरी म्हणून वापरायला घेतला. तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट मागणारा आणि देणारा यांच्यात जे नातं जुळतं, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत वर्षानुवर्षं शेजारी बसूनही जुळत नाही. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला खांब. एखादा दोन दिवस दिसला नाही तर फोन जातो. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरची रेल्वे भजनी मंडळं या गॅलरीतूनच उभी राहिली. टाळ पिशवीत असतात. पखवाज आणायला जागा नसेल तर डब्याचा पत्रा असतोच. आधी रूपाचा अभंग, मग गवळण, मग काय जमेल ते. सगळ्यांत पाहण्यासारखी असते ती उतरण्याची तयारी. अंधेरीला उतरणारा टाळकरी जोगेश्वरी आली की ताल न चुकवता आपले टाळ शेजारच्याच्या हातात देतो आणि दाराकडे सरकू लागतो. अभंगाचा अर्धा चरण गाडीत राहतो, अर्धा त्याच्याबरोबर जिना चढतो.

या भजनाचा सगळ्यांनाच आनंद होतो, असं नाही. रात्रपाळी करून निघालेल्या माणसाला डोळा लागायच्या वेळी कानाशी टाळ वाजलेले नको असतात. परीक्षेला निघालेल्या मुलालाही नको असतात. तक्रारी होतात, वाद होतात, आणि ‘भजन बंद करा’ म्हणणारा दर वेळी नास्तिकच असतो, असंही नाही. माझी सहानुभूती अर्धी टाळकऱ्यांकडे आहे आणि अर्धी झोपणाऱ्याकडे. पण दसऱ्याच्या सुमाराला तोच झोपणारा डब्याला झेंडूचं तोरण बांधायला मदत करतो, पेढा घेतो आणि इंजिनाच्या दिशेनं हात जोडतो, हेही पाहण्यासारखं असतं. रोज ज्या गाडीला शिव्या घालतो तिची वर्षातून एकदा पूजा करायची, यात त्याला विसंगती वाटत नाही. शस्त्र, यंत्र, वाहन यांच्या पूजेत रुसवा धरत नाहीत.

डब्याबाहेर, मोकळ्या हवेत हसायची सोय करण्याचा एक प्रयत्न अंधेरीतच झाला आणि तो जगभर गेला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवाला संकुलातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला पद्धत सरळ होती. गोल उभं राहायचं, एकानं विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. साधारण पंधरवड्यात विनोद संपले. जे उरले ते चारचौघांत, विशेषतः बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा कटारियांनी ठरवलं, की विनोदाशिवायच हसायचं. हात वर करून, पोटातून, व्यायाम म्हणून. ही युक्ती आज शंभराहून अधिक देशांत चालते. तिचे आरोग्याला फायदे असतील, माझा त्यांच्याशी वाद नाही. पण लोखंडवालासारख्या ठिकाणी, जिथे टीव्हीच्या मालिका लिहिणारे आणि त्यांत कामं करणारे निम्मे लोक राहतात, तिथे पंधरा दिवसांत विनोद संपावेत, हाच मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वोत्तम विनोद वाटतो.

त्याच वर्षी, २१ सप्टेंबरला, गणपती दूध प्यायला. तो गुरुवार होता. पहाटे दिल्लीच्या एका देवळातून बातमी निघाली आणि दुपार व्हायच्या आत उपनगरांतल्या देवळांपुढे पेले, वाट्या, चमचे घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, पृष्ठताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आव्हान दिलं. ते सगळं बरोबर होतं. पण त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसं आजही विज्ञान सांगत नाहीत आणि चमत्कारही सांगत नाहीत. ती रांग सांगतात. आपल्या पुढच्या माणसानं सोंडेला एवढा मोठा चमचा लावला, की मागून कोणीतरी ओरडलं, ‘अहो, ठसका लागेल!’ ओरडणारा स्वतः वाटी घेऊन उभाच होता. रांगेबाहेरून रांगेला हसणं सोपं असतं, आणि तसं हसणाऱ्यांचे लेख मला कंटाळवाणे वाटतात. रांगेत राहून, आपला नंबर न सोडता हसता येणं, हे इथलं खास कसब.

अकरा वर्षांनी, १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री, माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची आवई उठली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे बाटल्या घेऊन धावले. कोणी मखदूमबाबांची कृपा म्हणालं, कोणी आपल्या देवाची. लोकांनी ते पाणी प्यायलं, मुलांना पाजलं, महापालिकेनं कळवळून सांगितलं की पिऊ नका. आता ते पाणी येत होतं कुठून? मिठी नदीतून, म्हणजे विहार-पवईचं जादा पाणी, साकीनाक्याचं, कुर्ल्याचं आणि कलिन्याचं जे काही असेल ते सगळं पोटात घेऊन. वर्षापूर्वी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता आणि याच नदीनं माणसं, म्हशी, मोटारी वाहून नेल्या होत्या. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोट खाडीत आला की खारटपणा कमी होतो, हे त्या चमत्काराचं स्पष्टीकरण. त्यापेक्षा मोठा चमत्कार, मला विचाराल तर, ते पिऊन दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले हा.

या अशा गोष्टींकडे पाहायची एक नजर मराठीत फार जुनी आहे. एकनाथांच्या भारुडांत विंचू, भूत, जोगतीण असे सगळे अध्यात्म सांगायला येतात आणि हसवून जातात. पण उपनगरी विनोदाच्या खऱ्या आजीचं नाव घ्यायचं तर मी लक्ष्मीबाई टिळकांचं घेईन. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आली. धर्म या विषयानं ज्या बाईचा संसार अक्षरशः उधळला, तिनं त्यावर लिहिलेलं मराठीतलं सर्वांत हसरं पुस्तक. वडील इतके सोवळे, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. नवरा कवी, तापट, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला जाऊन बाप्तिस्मा घेऊन मोकळा झालेला. त्या बाईनं पाच वर्षं वाट पाहिली, भांडली, रडली, आणि मग १९०० साली स्वतःच्या पायांनी तिकडे गेली. जातीपातीचं ओझंही तिनं एका झटक्यात टाकलं नाही. थोडं थोडं उतरवलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःचीच फजिती सांगितली. सोवळ्याची टर उडवणारे तिच्या आधी आणि नंतर पुष्कळ झाले. सोवळं पाळता पाळता त्याची टर उडवणारी तीच. मराठी विनोदाच्या इतिहासात कोल्हटकर, गडकरी, चिं. वि., अत्रे, पु. ल. अशी नावांची माळ ओढताना तिला ‘आत्मचरित्र’ या कपाटात ठेवतात. माझ्या मते माळेचा मेरुमणी कपाटात राहिला आहे.

दुसरं नाव गाडगेबाबांचं. त्यांचं शेवटचं कीर्तन उपनगराच्या उंबरठ्यावर झालं, वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी. २० डिसेंबरला ते गेले. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे. बाबांची पद्धत प्रश्नोत्तरांची होती. साधा प्रश्न टाकायचा, श्रोत्यांकडून एका सुरात उत्तर काढायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तराला श्रोत्यांच्या लक्षात यायचं की आपण आपल्याच नवसांविरुद्ध, आपल्याच कर्जांविरुद्ध साक्ष देऊन बसलो आहोत. तोवर सगळे हसत असायचे. पोलीस स्टेशनात उलटतपासणी रोजच होते; त्या दिवशी ती खाकी कपड्यांतल्यांची झाली आणि घेणाऱ्याच्या हातात खराटा होता. नामाचा गजर आणि नवसाची थट्टा एकाच कीर्तनात, एकाच आवाजात. या माणसानं धर्मावर विनोद केला की विनोदानं धर्म सांगितला, हे ठरवत बसायची गरज त्या श्रोत्यांना वाटली नाही.

मग कोकणातून आलेली माणसं. उपनगरांच्या विनोदात मालवणी मुलखाचा वाटा इतका मोठा आहे की तो वेगळा काढता येत नाही. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते घराघरांत पोचवलं; महाभारत बसवायला निघालेल्या गावाची ती त्रेधा पाहून ज्यांना मालवणी येत नव्हती तेही ती बोलू लागले. पण नाटकाच्या आधीपासून गाऱ्हाणं होतं. कोकणात देवापुढे प्रार्थना करत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. उभं राहून, खणखणीत आवाजात, सगळ्या गावासमोर. मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांत गणपतीच्या दिवसांत एखाद्या ज्येष्ठ काकांना पुढे करतात आणि ते सुरू होतात: ‘बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या सोसायटीच्या लेकरांनी जी काय सेवा केली आसा ती गोड मानून घे, आणि ज्या कोणाक दुसऱ्याच्या जाग्यार गाडी लावची सवय आसा, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!’ मागून सगळे, गाडी लावणाऱ्यासकट: ‘व्हय म्हाराजा!’ वार्षिक सभेत तीन वर्षं न सुटलेला पार्किंगचा प्रश्न गाऱ्हाण्यातही सुटत नाही. पण सभेत त्यावर हाणामारीची वेळ येते आणि इथे मोदक मिळतो.

गाऱ्हाणं घालणाऱ्याला देवाबद्दल एक हक्क वाटत असतो, आणि तोच हक्क थट्टा करणाऱ्यालाही वाटत असतो. अंधेरीच्या राजाची गोष्ट या हक्काची आहे. वीरा देसाई मार्गावरच्या आझादनगरातला हा गणपती १९६६ सालचा. गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील, एक्सेल इंडस्ट्रीज अशा कारखान्यांतल्या कामगारांनी बसवलेला. सत्तरच्या दशकात काम बंद पडलं, दिवस लांबत चालले, आणि कामगारांनी नवस बोलला: हे मिटलं तर अनंत चतुर्दशीला नाही, संकष्टीला विसर्जन करू. मिटलं. तेव्हापासून सगळ्या मुंबईचे गणपती बुडाले तरी अंधेरीचा राजा बसलेलाच असतो, आणि संकष्टीला वेसाव्याच्या समुद्राकडे निघतो. यातली खरी गंमत पंचांगवाल्याला कळेल. ती संकष्टी येते पितृपंधरवड्यात. ज्या दिवसांत मंगलकार्य काढत नाहीत, नवी वस्तू घेत नाहीत, त्या दिवसांत ढोलताशा वाजवत देव रस्त्यावर. कामगारांनी शास्त्र विचारलं नव्हतं. आमच्याबरोबर तूही थोडा जास्त थांब, एवढंच त्यांनी देवाला सांगितलं होतं. आता त्या परिसरात कारखान्यांपेक्षा ऑफिसं आणि टॉवर जास्त दिसतात. ज्यांनी थांबवलं ते निवृत्त झाले, आणि देव अजून ओव्हरटाइम करतो आहे.

देवाशी वागायची ही रीत सरकारशी वागतानाही उपयोगी पडते. अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ ला पावसात त्याच्या पादचारी भागाचा तुकडा रुळांवर कोसळला. माणसं जखमी झाली, जीवही गेला. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद केला. अंधेरी पूर्वेकडून पश्चिमेला जाणं हा सव्वा वर्ष प्रवासाचा नव्हे, तपश्चर्येचा विषय झाला. शेवटी २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, आणि लोकांनी पाहिलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा नवा पूल एकमेकांना भेटतच नाहीत. दोघांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक. रेल्वेच्या नियमाप्रमाणे नवा पूल उंच करावा लागला होता, एवढं स्पष्टीकरण मिळालं. जुन्याला ते कोणी कळवलं नसावं. दोन दिवसांत इतके विनोद झाले की लोखंडवालाच्या त्या बागेला वर्षभर पुरले असते. मग बर्फीवाला पूल जॅकवर उचलला, ४ जुलैला दोघांची भेट घडवली, आणि ११ मे २०२५ ला सगळा पूल खुला झाला. मला त्यात भावलेली गोष्ट नावाची आहे. अर्ज-विनंत्यांवर, सनदशीर धीरावर आयुष्यभर विश्वास ठेवलेल्या नेमस्त गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव या पुलाला. जहाल टिळकांचं नाव दादरच्या. अंधेरीकरांना कोणाचं शिष्यत्व घ्यायचं याची निवड नव्हती.

याच पुलावरच्या विनोदांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि लेख निवडताना मी ती मोजमाप म्हणून वापरली. २०२४ च्या फटीवर सगळे हसले. २०१८ च्या त्या सकाळवर कोणी विनोद केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कुठे थांबायचं हे कोणी शिकवलेलं नव्हतं, नियमावली नव्हती, समिती नव्हती. माणसाला ते कळतं. म्हणून विनोदाला मर्यादा घालायला बाहेरून हातोडा आणावा लागतो, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. २३ मार्च २०२५ ला खारमधल्या एका स्टुडिओची तोडफोड झाली. उपमुख्यमंत्र्यांवरचं एक विडंबनगीत तिथे म्हटलं गेलं होतं, हे कारण. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक तिथलं अनधिकृत बांधकाम पाडायला आले. ते अनधिकृत असल्याचं त्याच सकाळी कसं आठवलं, हा प्रश्न सगळ्यांनी एकमेकांना विचारला. ते गाणं चांगलं होतं की वाईट यावर मतं असू शकतात, माझंही आहे. पण तोडफोड करणारे ज्या संघटनेचं नाव सांगत होते, ती १९६६ मध्ये जन्मली ‘मार्मिक’मधून, म्हणजे १३ ऑगस्ट १९६० ला एका व्यंगचित्रकारानं भावाच्या जोडीनं सुरू केलेल्या व्यंगचित्र साप्ताहिकातून. पुढाऱ्यांची नाकं, पोटं आणि टोप्या काढून ज्या घराण्याची चूल पेटली, त्या घराण्याच्या वारसांना एक गाणं सोसू नये, याचं मला दुःख झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. विठोबाला काहीही बोलता येतं आणि नगरसेवकाबद्दल बोलताना आजूबाजूला पाहावं लागतं, अशी ही वाटणी आहे.

या पुस्तकात राजकारणावरचे लेख आहेत, देवांवरचे आहेत, पुनर्विकासावरचे तर फारच आहेत. एकाच प्रकारचे लेख मी बाजूला ठेवले: दुसऱ्याच्या देवावर, दुसऱ्याच्या गल्लीवर, दुसऱ्याच्या भाषेवर लांबून केलेले. घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्यावर मराठी माणसानं लिहिलेला एक लेख मात्र ठेवला आहे, कारण लेखक त्या घरी पर्युषणाच्या दिवसांतही जाऊन बसतो आणि आपल्या तोंडाचा कांदा-लसणीचा वास कसा लपवला हे सांगतो. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही त्याची थट्टा करू नये, एवढा नियम मला पुरेसा वाटला.

बायकांच्या डब्यातलं लेखन कमी आहे, ही या पुस्तकातली उणीव आहे. पद्मजाताई फाटकांनी आपल्या आजारपणावर ‘हसरी किडनी’ लिहिली, मंगला गोडबोल्यांनी घरगुती विसंगती वर्षानुवर्षं टिपल्या; त्या वाटेनं जाणाऱ्या पुष्कळजणी आज मुलुंड-ठाण्याच्या गाड्यांत आहेत, हे मला ठाऊक आहे. भाजी निवडता निवडता सासू, साहेब आणि शनिमाहात्म्य यांची एकत्र जी उजळणी होते ती पुरुषांच्या डब्यातल्या भजनापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची असते. मागितलं तेव्हा त्यांतल्या एकीनं कळवलं, की छापलं तर सासू वाचेल.

शेवटी टिपांबद्दल. ताज्या घडामोडींवरचा विनोद लवकर शिळा होतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली पुस्तकात आले, तेव्हा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्यांनी श्रावणीची आणि शिमग्याची केलेली दुर्दशा वाचून लोक लोटपोट झाले. आज ते वाचणाऱ्या मुलाला श्रावणी म्हणजे शेजारची मुलगी वाटते, आणि पोह्यांबरोबर टिपांची वाटी द्यावी लागते. या पुस्तकालाही लागेल. गोखले पुलाच्या लेखाखाली मी सालं दिली आहेत, गोड पाण्याच्या लेखाखाली तारीख दिली आहे, ‘ट्रान्झिट कॅम्प’ म्हणजे काय तेही सांगितलं आहे, कारण नातवंडांना ते कळू नये अशी माझी इच्छा आहे. ‘मेगाब्लॉक’ला मात्र टीप दिलेली नाही. तिची गरज पडेल असं मध्य रेल्वेच्या कोणत्याही वेळापत्रकावरून दिसत नाही.